तेलानें माखलेले हात

घरांतील एखादा मुलगा बंद पडलेलें घड्याळ उघडून बसला, सायकलचें चाक सुटें करून त्यांतील छर्रे अंगणांत मांडूं लागला, किंवा विहिरीवरचें इंजिन दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीच्या मागें तास-दोन तास उभा राहिला, म्हणजे वडील मंडळींच्या मुखांतून एक ठराविक वाक्य बाहेर पडतें : "अभ्यास टाकून हे नसते उद्योग कशाला?" ह्या वाक्यांतील 'अभ्यास' आणि 'नसते' हे दोन्ही शब्द मला खटकतात. अभ्यास म्हणजे पुस्तक समोर ठेवून बसणें, एवढाच अर्थ आपण ठरवून टाकला आहे. आणि ज्या उद्योगाला परीक्षेंत गुण मिळत नाहींत तो सगळा नसता, असाही एक निवाडा आपण कोणास न विचारतां देऊन मोकळे झालों आहों.

ह्या निवाड्याविरुद्ध चार शब्द लिहावेत असा हेतु आहे. त्यासाठीं उदाहरण मात्र मीं मुद्दाम असें निवडलें आहे कीं, तें ऐकतांच पालकांच्या कपाळाला आंठी पडावी. शर्यतीची मोटारसायकल! जिला खेड्यापाड्यांत अजूनही कोणी कोणी फटफटी म्हणतात ती. तीही विकत घेतलेली नव्हे, तर घराच्या मागील छपरांत, इंजिनसकट, स्वतःच्या हातांनीं घडविलेली. ज्या उद्योगावर सर्वांत अधिक संशय, त्याच्याही पोटांत केवढी विद्या दडलेली असते हें एकदां पटलें, म्हणजे घड्याळ उघडणाऱ्या मुलाची वकिली निराळी करावी लागणार नाहीं.

हीं उदाहरणें पाहण्यासाठीं आपणांस प्रथम न्यूझीलंडला गेलें पाहिजे. दक्षिण गोलार्धांतील दोन मोठ्या बेटांचा हा देश. आजही त्याची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एका मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. मोटारी व मोटारसायकली बनविणारे मोठे कारखाने समुद्रापार. तेथून सुटा भाग मागवावा, तर जहाजाची वाट पाहत बसावें लागे. त्यामुळें मोडलें तें घरीं दुरुस्त करावें आणि नाहीं तें घरींच घडवावें, ही तेथील शेतकऱ्यांची व कारागिरांची जुनी संवय. ह्या संवयींतूनच पुढील दोन माणसें निघालीं.

देशाच्या अगदीं दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नांवाचें गांव आहे. तेथील बर्ट मन्रो नामक गृहस्थानें १९२० सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, अमेरिकेंतील 'इंडियन' कंपनीची 'स्काउट' जातीची मोटारसायकल विकत घेतली. (नांवावरून कोणी फुशारून जाऊं नये. 'इंडियन' म्हणजे येथें आपण नव्हे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना गोरे लोक ज्या नांवानें ओळखीत, तें त्या कंपनीनें उचललें होतें.) कारखान्यांतून निघाली तेव्हां ह्या गाडीचा वेग फार तर ताशीं ५५ मैल, म्हणजे सुमारें ८८ किलोमीटर होता, आणि तिचें इंजिन ६०० घनसेंटिमीटरचें होतें. १९२६ सालापासून मन्रोनें तिच्यांत सुधारणा करण्यास आरंभ केला, व तो उद्योग पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ चालूच राहिला. एवढ्या काळांत दुसऱ्या माणसानें दहा गाड्या बदलल्या असत्या. ह्यानें गाडी तीच ठेवली, आणि तिच्या आंतील जवळजवळ प्रत्येक भाग बदलला.

त्याचीं साधनें ऐकून प्रथम हंसूं येतें. दिवसा मोटारसायकली विकण्याची नोकरी, आणि रात्रीं छपराखालीं काम. धातु ओतण्यास जुने पत्र्याचे डबे. सूक्ष्म माप घेण्याचें उपकरण चाकाच्या जुन्या तारेपासून केलेलें. पिस्टन, ज्यास आपल्या भाषेंत दट्ट्या म्हणतात, ते त्यानें घरीं ओतले. सिलिंडर घरीं तयार केले. इंजिनचें जड चक्रही घरींच घडविलें. दट्ट्याला खालच्या दांड्याशीं जोडणारे जे दोन हात असतात, ते त्यानें जुन्या ट्रॅक्टरच्या आंसाचें पोलाद घेऊन कानशीनें घासून घासून काढले. मूळ इंजिनांत झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या, त्या त्यानें डोक्यावर आणल्या, आणि त्यांना उघडझांप करणाऱ्या उंचवट्यांची संख्या दोनावरून चारावर नेली. इंजिनचें आकारमान अखेरीस ९५० घनसेंटिमीटरपर्यंत गेलें.

आतां विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून हा दट्ट्या म्हणजे काय प्रकरण आहे तें नीट पाहावें. कारण येथें हंसूं आपोआप ओसरतें. इंजिनच्या पोटांत चार क्रिया एकामागून एक चालतात. दट्ट्या खालीं येतांना पेट्रोलची वाफ व हवा आंत ओढली जाते. वर जातांना तें मिश्रण दाबलें जातें. ठिणगी पडते, मिश्रण पेटतें आणि दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. पुन्हां वर येतांना जळका धूर बाहेर टाकला जातो. कागदावर हें दहा ओळींत आटोपतें. परंतु दट्ट्या ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर ओतीव लोखंडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. दोहोंमधील फट तर केसाच्या जाडीच्या हिशेबांत मोजावयाची. फट अंमळ कमी पडली, कीं तापलेला दट्ट्या फुगून सिलिंडरला घट्ट धरून बसतो व धांवते इंजिन एका क्षणांत जाम होतें. अंमळ अधिक झाली, कीं दाबलेला वायु बाजूनें निसटतो आणि शक्ति जाते. शिवाय ओतलेला धातु थंड होतांना आकसतो, तेव्हां सांचा किती मोठा घ्यावयाचा ह्याचाही अदमास हवा. पुस्तकांत 'उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात' हें एक वाक्य असतें. तें आपण पाठ करतों, परीक्षेंत लिहितों आणि दोन गुण घेऊन विसरतों. मन्रोला त्या वाक्याची किंमत प्रत्येक वेळीं एक दट्ट्या फुटून द्यावी लागे. धडा कोणास अधिक चांगला आला असेल, हें मी वाचकांवरच सोपवितों.

फुटलेले दट्टे आणि मोडलेले भाग त्यानें फेंकून दिले नाहींत. छपरांतील एका फळीवर त्यानें ते ओळीनें मांडून ठेवले, आणि वर लिहिलें, 'वेगाच्या देवास अर्पण'. ह्या फळीचें मला विशेष वाटतें. आपण आपल्या उत्तरपत्रिकांतील लाल रेघा घरीं लपवितों. ह्यानें आपल्या लाल रेघा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक तुकडा कोठें व कां मोडला हें तो रोज पाहूं शकत होता.

अमेरिकेच्या युटा प्रांतांत बॉनव्हिल येथें मिठाचें एक अफाट सपाट मैदान आहे. तेथें वेगाचे विक्रम करण्यासाठीं जगांतून लोक येतात. मन्रो तेथें एकंदर दहा वेळां गेला. पहिल्या खेपेस केवळ पाहण्यासाठीं, पुढील नऊ खेपांस आपली गाडी घेऊन. १९६२ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, त्यानें ८८३ घनसेंटिमीटरच्या वर्गांत ताशीं सुमारें २८८ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. १९६७ सालीं १००० घनसेंटिमीटरच्या वर्गांत तो ताशीं सुमारें २९५ किलोमीटरपर्यंत पोंचला, आणि त्याच वेळच्या पात्रतेच्या एका फेरींत ३०५ किलोमीटरच्याही पुढें गेला. तेव्हां स्वार अडुसष्ट वर्षांचा होता आणि गाडी सत्तेचाळीस वर्षांची!

८८ वरून ३०५, म्हणजे वेग सुमारें साडेतीनपट झाला. वरच्या वर्गांतील मुलांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि तो विरोध तोडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत. साडेतीनाचा घन सुमारें त्रेचाळीस. म्हणजे गाडीचा आकार मूळचाच ठेवला असता, तर इंजिनची शक्ति चाळीसपटीहून अधिक वाढवावी लागली असती, आणि तें त्या इंजिनाकडून होणें शक्य नव्हतें. म्हणून मन्रोनें गाडीवर माशाच्या आकाराचें कवच चढविलें व तो त्यांत जवळजवळ पालथा पडून गाडी हांकूं लागला. इंजिन आणि कवच, दोन्ही बाजूंनीं त्यानें निसर्गाच्या त्या घनाशीं झुंज दिली. अशा ठिकाणीं बीजगणित कोणत्या कामाचें, हा प्रश्न उरत नाहीं.

आणखी एक गोष्ट गणिताच्या शिक्षकांना आवडेल. विक्रम नोंदतांना दोन्ही दिशांनीं केलेल्या फेऱ्यांची सरासरी घेतात, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा मिळत नाहीं. १९६७ च्या ह्या सरासरींत हिशेबाची चूक झाली होती. ती मन्रोच्या मुलाच्या लक्षांत आली. आणि २०१४ सालीं, मन्रोच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनीं, तो विक्रम ताशीं १८३.५८६ मैलांवरून १८४.०८७ मैल असा सुधारून लिहिला गेला. अर्ध्या मैलाचा फरक. पण तो पुसून बरोबर लिहिला गेला. ह्या माणसाच्या जीवनावर २००५ सालीं निघालेला 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा चित्रपट पुष्कळांनीं पाहिला असेल.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुने डबे, ट्रॅक्टरचा आंस, चाकाची तार हें वाचून कोणी म्हणेल, "हें तर आपलें जुगाड!" मला हा शब्द आणि त्यामागचें कौतुक, दोन्ही मान्य नाहींत. दोरी बांधून, कागदाची घडी सारून, हातोडीचा एक टोला मारून वेळ मारून नेणें ह्यास आपण हुशारी म्हणतों आणि डोक्यावर घेऊन नाचतों. मन्रोचें साहित्य भंगारांतलें होतें, पण माप भंगारांतलें नव्हतें. त्याच्या गाडींत 'चालेल' हा शब्द चालत नव्हता. कारण ताशीं तीनशें किलोमीटर वेगानें जातांना, जें 'चालेल' म्हणून सोडलें तें पायांखालींच फुटतें. साधनांची गरिबी आणि कामांतील आळस ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत. पहिलीबद्दल लाज नसावी. दुसरीला चातुर्याचें नांव देऊं नये.

त्याच देशांतील क्राइस्टचर्च शहरीं १९५० सालीं जन्मलेल्या जॉन ब्रिटन ह्याची गोष्ट पालकांनीं अधिक लक्षपूर्वक वाचावी. ह्या मुलाला अक्षरें वाचण्यास फार जड जात. डिस्लेक्सिया नांवाचा जो वाचनदोष आज वैद्यांना व शिक्षकांना ठाऊक आहे, तो त्याला होता. बुद्धि शाबूत, दृष्टि शाबूत, परंतु कागदावरील अक्षरांची ओळ सुरळीत लागत नाहीं, असा हा दोष. असे विद्यार्थी आपल्याही प्रत्येक शाळेंत असतात, आणि 'मठ्ठ' ह्या एका शब्दांत त्यांचा निकाल लावला जातो. ब्रिटननें रात्रीच्या वर्गांत जाऊन यांत्रिकी शिक्षणाचा चार वर्षांचा क्रम पुरा केला. पुढें कांहीं काळ त्यानें कांचेचे दिवे घडविण्याचाही धंदा केला. शर्यतीची गाडी बनविण्याचें वेड लागलें, तेव्हां आरंभीं त्यानें दुसऱ्यानें बनविलेलें इंजिन घेतलें. तें भरंवशाचें ठरेना, म्हणून मग इंजिनच स्वतः आंखावयास घेतलें.

ह्या गाडीचें नांव 'ब्रिटन व्ही १०००'. घराच्या कारखान्यांत, कांहीं मित्रांच्या मदतीनें ती जन्मली. कवचाचा आकार ठरविण्यासाठीं त्यानें तारा वांकवून त्या गरम सरसानें एकमेकींस चिकटविल्या आणि तारांचा जणूं पिंजराच उभा केला. डोळ्यानें पाहून, हातानें चांचपून, पुन्हां वांकवून हवेची वाट मोकळी केली. मग त्या आकारावरून कार्बनच्या तंतूंचें कवच तयार झालें. चाकें आणि पुढचा दुबेळकाही त्याच कार्बन-तंतूंचा. नेहमींच्या मोटारसायकलला नळ्यांचा सांगाडा असतो आणि त्यांत इंजिन बसवितात. ब्रिटनच्या गाडीला असा सांगाडाच नाहीं. इंजिन हाच सांगाडा, पुढचें व मागचें चाक त्यालाच जोडलेलें. पाणी थंड करण्याची जाळी सर्वजण पुढें ठेवतात; ह्यानें ती बैठकीखालीं नेली, म्हणजे गाडीचें तोंड निमुळतें राहावें. मागील चाकाची स्प्रिंग इंजिनच्या पुढें आणली. ९९९ घनसेंटिमीटरच्या त्या इंजिनाची शक्ति १६० अश्वशक्तीहून अधिक, आणि सगळ्या गाडीचें वजन अवघें १३८ किलो.

तें इंजिन पूर्ण शक्तीवर मिनिटाला ११,८०० फेरे घेई. म्हणजे सेकंदाला सुमारें १९७. प्रत्येक फेऱ्यांत दट्ट्या एकदां वर व एकदां खालीं येऊन थांबतो. तेव्हां आपण 'एक' म्हणावें तेवढ्या अवकाशांत तो सुमारें चारशें वेळां थांबतो आणि पुन्हां धांवूं लागतो. ह्या झटक्यांत तुटणार नाहीं असा भाग मनांत पाहणें, तो आंखणें आणि घडविणें, हें ज्या डोक्यांतून निघालें, त्याच डोक्याला शाळेच्या पुस्तकांतील पान वाचतांना घाम फुटत असे. हें लिहितांना मला कोणत्याही शाळेची निंदा करावयाची नाहीं. शाळा वाचावयास शिकविते तें योग्यच आहे, आणि ब्रिटनलाही शेवटीं शिक्षणक्रम पुरा करावाच लागला. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, वाचनाच्या एकाच चाळणींतून सगळें धान्य चाळूं लागलों, तर वर राहिलेलें सगळेंच भूस नसतें.

ब्रिटनच्या गाड्यांनीं १९९३ सालीं जागतिक वेगाचे चार विक्रम केले. त्यांतील एक धांवत्या आरंभाचा मैल, ताशीं ३०२.७०५ किलोमीटर. अमेरिकेंतील डेटोना येथें दोन सिलिंडरांच्या गाड्यांची एक मोठी शर्यत होत असे. १९९२ सालीं तेथें शर्यतीच्या आदल्या रात्रीं सिलिंडरच्या अस्तराला चीर गेलेली आढळली. दुसरें अस्तर जवळ नव्हतें. ब्रिटननें रात्रभर जागून ती चीर स्वतः सांधली. दुसऱ्या दिवशीं अँड्रू स्ट्राउड ह्या स्वारानें मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांना मागें टाकलें. सांधलेलें अस्तर टिकलें. आणि जय अगदीं दृष्टीच्या टप्प्यांत असतां विजेच्या व्यवस्थेंत बिघाड होऊन गाडी थांबली. दोन वर्षांनीं, १९९४ सालीं, त्याच स्वारानें तीच शर्यत ब्रिटनच्या गाडीवर जिंकली. पुढल्याच वर्षीं, १९९५ सालीं, ब्रिटन कातडीच्या कर्करोगानें वारला. वय पंचेचाळीस. त्या जातीच्या गाड्या सगळ्या मिळून दहा झाल्या. त्यांतील एक वेलिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ठेवली आहे.

आमच्या विद्यार्थिनी म्हणतील, हा सगळा पुरुषांचाच कारखाना दिसतो. तसें नाहीं. इंग्लंडांत १९०९ सालीं जन्मलेल्या बिअट्रिस शिलिंग ह्या बाईनें चौदाव्या वर्षीं मोटारसायकल घेतली, पुढें मँचेस्टरच्या विद्यापीठांतून विद्युत्-यांत्रिकीची पदवी मिळविली, आणि आपल्या ५०० घनसेंटिमीटरच्या नॉर्टन गाडीचें इंजिन स्वतः सुधारून १९३४ सालीं ब्रुकलँड्सच्या धांवपट्टीवर ताशीं १०६ मैल वेगानें फेरी मारली. तेथें शंभर मैलांवर वेग गेल्यास सुवर्णतारा मिळे, तो तिनें मिळविला. ही झाली हौस. आतां तिचा उपयोग पाहा. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांच्या लढाऊ विमानांतील 'मर्लिन' इंजिन, विमानानें एकाएकीं नाक खालीं केलें कीं, पेट्रोलच्या पुरवठ्यांत गोंधळ होऊन बंद पडे. शत्रूच्या विमानांतील रचना निराळी असल्यामुळें त्यांस ही अडचण नव्हती. विमान-संशोधनाच्या सरकारी संस्थेंत काम करणाऱ्या शिलिंगबाईंनीं पेट्रोलच्या वाटेंत बसवावयाचें एक लहानसें भोंकाचें पितळी बोंडलें योजिलें, म्हणजे प्रमाणाबाहेर पेट्रोल जाऊंच नये. १९४१ च्या आरंभीं तें विमानतळोविमानतळीं जाऊन बसविण्यांत आलें. विमानें कामावरून काढावींही लागलीं नाहींत. इंजिनच्या पोटांत पेट्रोल कोठें अडतें आणि कोठें उतूं जातें, हें ज्या हातांनीं शर्यतीसाठीं वर्षानुवर्षें चांचपलें होतें, त्याच हातांचें हें काम.

आतां पालकांच्या मनांतील भीतीकडे वळतों. ती खोटी नाहीं. १९९४ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीच्या सरावांत मार्क फार्मर हा कसलेला स्वार ब्रिटनच्या गाडीवरून पडून मरण पावला. मन्रोही अनेक वेळां पडला व जखमी झाला. वेगापाशीं जातांना ही किंमत शक्यतेच्या रूपानें सदैव जवळ उभी असते, आणि ती झांकून गोष्ट रंगविणें हें मुलांशीं अप्रामाणिकपणाचें होईल. दुसरी एक किंमत आहे, ती वर्तमानपत्रांत येत नाहीं. मन्रोनें चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस नोकरी सोडली, त्याच सुमारास त्याचा विवाहही तुटला, आणि पुढें तो गाडीजवळच, छपरांत राहूं लागला. एवढी एकनिष्ठा पाहून आपण टाळ्या वाजवितों. घरच्या माणसांनीं वाजविल्या असतील असें मला वाटत नाहीं. त्याची कानस अनुकरणीय आहे. त्याचा संसार नाहीं. दोन्ही एकाच माणसाचीं म्हणून दोन्ही डोक्यावर घेण्याचें कारण नाहीं.

रस्त्याविषयीं तर मी अगदीं स्पष्ट आहें. गाडीचें सायलेन्सर काढून दुसरें लावावें आणि दुपारच्या वेळीं गल्लींतून फटाके फोडीत जावें, ह्यास हल्लींचे कांहीं तरुण 'गाडी बनविणें' म्हणतात. त्यांत बनविलें काय? बाजारांतून आवाज विकत आणला, दोन आटे पिळले, आणि शेजारच्या आजारी म्हाताऱ्याची झोंप मोडली. शिवाय आपल्या देशाच्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें कारखानदारानें ठरविलेल्या मूळ रचनेंत मालकास मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं हा नियम ठामपणें सांगितला आहे. म्हणून घरीं घडविलेल्या यंत्राची जागा रस्त्यावर नाहीं. ती कारखान्याच्या ओट्यावर आहे, आणि पुढें योग्य वयांत, योग्य देखरेखीखालीं, बंदिस्त धांवपट्टीवर आहे. मन्रो व ब्रिटन ह्यांचे विक्रमही मोजलेल्या मैदानावर, पंचांसमक्ष झाले, बाजारपेठेंत नव्हे.

परंतु ह्या भीतीपोटीं घरांतील हत्यारांची पेटीच कुलुपांत ठेवणें, हा उपाय मला रोगाहून वाईट वाटतो. ज्या मुलानें एक दट्ट्या स्वतः मोजला, घासला आणि बसविला, त्याला इंजिन म्हणजे काय व तें किती नाजूक असतें हें कळतें. तो त्याला उगाच पिळीत नाहीं. वेगाची मस्ती बहुधा त्यालाच चढते, ज्यानें गाडीचे केवळ हप्ते भरलेले असतात, आणि पुष्कळदां तेही वडिलांनीं.

तेव्हां पालकांना माझी मागणी फार मोठी नाहीं. परीक्षा संपल्यावर मुलाला किंवा मुलीला घराचा एक कोपरा द्यावा. पडवी असेल तर पडवी, गच्ची असेल तर गच्चीचा आडोसा. एक मजबूत पाट, त्यावर लहान शेगडा, म्हणजे लोहार-सुतार ज्यास व्हाइस म्हणतात तो, दोन-तीन कानशी, पान्यांचा एक संच आणि माप घेण्याचें एक कॅलिपर. भंगारवाल्याकडून फवारणीच्या पंपाचें किंवा जुन्या मोपेडचें बंद पडलेलें इंजिन वजनावर मिळतें. तें आणून द्यावें. तें चालू झालेंच पाहिजे अशी अट घालूं नये. उघडतांना प्रत्येक भागाचें चित्र वहींत काढावें, माप लिहावें, आणि पुन्हां जोडतांना एकही भाग उरूं नये, एवढेंच सांगावें. पहिल्या खेपेस दोन-तीन तरी उरतीलच. ते एका फळीवर ठेवूं द्यावेत. जवळ एखादा जाणता मेस्त्री असेल, तर रविवारीं त्याला चहाला बोलवावें व मुलाला त्याच्या शेजारीं बसवावें. पेट्रोलचा डबा त्या कोपऱ्यांत असूं नये. कानस चालवितांना डोळ्यांवर चष्मा असावा. आणि जेवावयास येण्यापूर्वीं हात रॉकेलनें नव्हे, साबणानें धुवावेत.